प्रार्थनेत स्वतःसाठी घर मागणं हा स्वार्थ आहे का?

घर मागणं हा स्वार्थ नाही, हेतू तपासावा लागतो. वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चबाहेर नवसाला वाहायची मेणाची घरं, हात, पाय विकत मिळतात. मीही एकदा घर वाहिलं, पण खरं सांगते, तेव्हा डोळ्यांसमोर जावेचा नवा फ्लॅट होता. बायबलमधलं याकोब 4:3 नेमकं यावरच बोट ठेवतं: चैनीसाठी, वाईट हेतूने मागता म्हणून मिळत नाही. 1 योहान 5:14 म्हणतं, देवाच्या इच्छेप्रमाणे मागितलं तर तो ऐकतो. म्हणून आपली इच्छा गिळायची का? मुळीच नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही आधी हवं ते सरळ मागितलं, हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, माझ्यापासून दूर कर. आणि मग म्हणाला, तरी माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. हा क्रम मला फार धीर देतो. रात्री सगळे झोपले की दहा बाय दहाच्या खोलीत मी आजही याच क्रमाने घर मागते.