टेकडीवर पाणी नेणारा माणूस

"इथे सगळे माझ्याशी चांगले वागतात, तरी दोन वर्षांत माझा एकही मित्र झालेला नाही. माझ्यातच काही खोट आहे का?" परदेशी राहणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मी पुण्यातून ऑनलाइन समुपदेशन करते. पतीच्या नोकरीमुळे मी तीन वर्षे तैवानमधील शिंचू या शहरात राहिले होते, त्यामुळे तिथे स्थायिक झालेले इंग्रजी बोलणारे लोक एकमेकांकडून नाव ऐकून माझ्याकडे येतात. त्यांपैकी एका कॅनडियन गृहस्थांचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून इथे सांगते.

ते चाळिशीच्या उंबरठ्यावरचे, दक्षिण तैवानमधील काओशुंग या सुमारे २७ लाख वस्तीच्या बंदराच्या शहरात इंग्रजी शिकवणारे शिक्षक. तिकडे मुले शाळा सुटल्यावर खासगी क्लासला जातात, त्याला 'बुशीबान' म्हणतात. अशाच एका क्लासमध्ये ते दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत शिकवत असत. माझ्याकडे ते आले चांद्र नववर्षाच्या सुट्टीनंतर. त्या दिवसांत घरोघरची माणसे आईवडिलांकडे जातात, दुकाने बंद राहतात आणि एरवी गजबजलेले रस्ते ओस पडतात. "पाच दिवसांत मी फक्त सेव्हन-इलेव्हनच्या काउंटरवरच्या मुलीशी बोललो, आणि तेही 'पिशवी नको' एवढेच," असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले.

आमच्या भेटी शनिवारी संध्याकाळी होत. त्या पहिल्या भेटीत बोलता बोलता त्यांच्या खिडकीतून बेथोव्हेनची पियानोची एक धून ऐकू आली आणि मी ती लगेच ओळखली, कारण शिंचूमध्ये तीच धून ऐकून मी हातात पिशवी घेऊन जिना उतरत असे. तैवानमधील घंटागाडी अशी संगीत वाजवत येते. कचरा रस्त्यावर ठेवायचा नाही, गाडी आली की स्वतः नेऊन द्यायचा, असा तिकडचा शिरस्ता आहे, त्यामुळे गल्लीतले सगळे लोक पाच-दहा मिनिटे आधीच कोपऱ्यावर जमतात. मी म्हटले, "तुम्हाला खाली जायचे असेल तर जाऊन या." ते म्हणाले की ते कधीच जात नाहीत, आठवड्याचा कचरा पिशवीत बांधून सोमवारी क्लासच्या डब्यात टाकतात, कारण कोपऱ्यावर उभे राहिले की सगळे आपल्याकडे पाहतात असे त्यांना वाटते. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले.

झोप, भूक, कामातला रस, मद्यपान आणि मनात येणारे टोकाचे विचार यांविषयी मी आधी नीट विचारून घेतले. नैराश्य नव्हते, असते तर त्यांना प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे माझे कर्तव्य होते. जे होते तो निखळ एकटेपणा होता, आणि त्याचेही दोन प्रकार वेगळे करावे लागतात. रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली ही फोड मांडली: जिवाभावाचे एक माणूस जवळ नसल्याचा एकटेपणा वेगळा आणि आपण कोणत्याच गोतावळ्यातले नाही असा एकटेपणा वेगळा, एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. या गृहस्थांना दोन्ही होते, पण ते पहिल्याच्या मागे धावत होते आणि दुसरा त्यांच्या नजरेतच आला नव्हता. भेटणाऱ्या प्रत्येक माणसात ते थेट जिवलग मित्र शोधत होते.

त्यात भाषेने, खरे तर सौजन्याने, एक मोठा घोटाळा केला होता. तैवानमध्ये निरोप घेताना लोक सहज म्हणतात, "गायथ्येन एकत्र जेवू." गायथ्येन म्हणजे पुढे कधीतरी. हे निमंत्रण नसते, 'तुमच्याशी बोलून बरे वाटले' एवढाच त्याचा अर्थ असतो. आपणही "एकदा घरी या ना" असे म्हणतो आणि ऐकणारा दुसऱ्या दिवशी दारात उभा राहत नाही. हे गृहस्थ मात्र प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस वाट पाहून लाइनवर (तिकडे सगळे याच ॲपवर बोलतात) संदेश पाठवत: कोणत्या दिवशी जेवायचे? उत्तरादाखल एखादे हसरे चित्र येई आणि मग काहीच येत नसे. असे नऊ जणांच्या बाबतीत झाले होते आणि त्यांनी नऊ जणांची यादी 'मला टाळणारे लोक' म्हणून मनात धरून ठेवली होती. मी त्यांना त्या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे ते खोटे बोलत नव्हते." नव्हतेच.

इथे माझी एक चूकही नोंदवली पाहिजे. सुरुवातीला मी त्यांना भाषा-विनिमयाच्या भेटी सुचवल्या: तासभर इंग्रजी, तासभर चिनी, कॉफीच्या दुकानात. सल्ला ऐकायला सोयीचा होता, पण दोन महिन्यांत ते सहा वेगवेगळ्या माणसांना भेटले आणि प्रत्येक भेट हळूहळू इंग्रजीच्या फुकटच्या शिकवणीत बदलली. दिवसभर शिकवून थकलेला माणूस सुट्टीतही शिकवू लागला. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला माहीत असूनही मी तो वेळेवर ध्यानात घेतला नाही. त्यांच्या हिशेबाने ओळखीच्या माणसाचा जुजबी मित्र व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, मित्र व्हायला ९० आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून अधिक. दर आठवड्याला नवे माणूस म्हणजे घड्याळ दर आठवड्याला पुन्हा शून्यावर. परदेशी शिक्षकांच्या शुक्रवारच्या बैठकीचेही तेच होते. वर्षाचा करार संपला की माणसे देश सोडतात, आणि दोन वर्षांत त्यांनी निरोपाच्या अकरा मेजवान्या खाल्ल्या होत्या.

काओशुंगचे लोक मन बंद करून बसलेले नाहीत हे त्यांना पटवायला वेळ लागला. तिथल्या माणसांची मैत्री बहुतेक वेळा शाळा-कॉलेजच्या वर्गात जुळलेली असते आणि पुढे आयुष्यभर तीच पुरते. घरे लहान असल्याने पाहुण्याला घरी बोलावण्यापेक्षा बाहेर जेवायला नेण्याची पद्धत आहे. कामाचे तास लांब असतात. आणि गोऱ्या माणसासमोर आपले इंग्रजी चुकेल या संकोचाने कितीतरी जण पाऊल मागे घेतात. आपल्याला टाळले जात आहे असे ज्याला वाटते त्याच्या समोर उभा असलेला माणूस अनेकदा स्वतःच लाजलेला असतो.

मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. मित्र शोधणे पूर्ण थांबवायचे आणि त्याऐवजी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी दिसायचे, असे मी सुचवले. पहिला गृहपाठ घंटागाडीचा होता: शनिवारी धून ऐकू आली की बोलणे अर्धवट सोडून कचरा घेऊन खाली जायचे, कोणाशी बोललेच पाहिजे असे नाही. दुसरा सकाळचा. त्यांचे काम दुपारी सुरू होई, म्हणजे त्यांच्या वयाची माणसे ज्या वेळी मोकळी असतात त्या वेळी ते वर्गात आणि ते मोकळे असतात तेव्हा बाकीचे कचेरीत. सकाळी मोकळे असतात ते निवृत्त लोक. "मी सत्तर वर्षांच्या लोकांशी काय बोलू?" असे त्यांनी काहीसे चिडून विचारले. मी म्हटले की बोलू नका, सामान वाहा.

शहराच्या पश्चिमेला समुद्राला लागून शौशान नावाचा साडेतीनशे मीटरांचा, प्रवाळाच्या चुनखडकाचा डोंगर आहे. गावातले लोक त्याला छायशान म्हणतात. २०११ पासून ते राष्ट्रीय निसर्ग उद्यान आहे, लाकडी पायवाटा आहेत आणि माकडांची मोठी वस्ती आहे. पर्वतीवर रोज जाणारी मंडळी पुण्यात जशी असतात तशीच तिथेही वर्षानुवर्षे येणारी मंडळी आहेत, आणि त्यांची एक सुंदर रीत आहे. वाटेवरच्या विसाव्याच्या जागी काही ज्येष्ठ लोक येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा करून देतात, पैसे न घेता. त्यासाठी लागणारे पाणी पायथ्यापासून चढणारे लोकच पाठीवर वाहून नेतात. हे मला शिंचूमधल्या एका मैत्रिणीने सांगितले होते आणि ते ऐनवेळी आठवले याचा मला आजही आनंद होतो.

ते आठवड्यातून तीन सकाळी जाऊ लागले. पहिल्या दिवशी दोन लिटरची एक बाटली नेली, ती चहाच्या किटल्यांशेजारी ठेवली आणि लाजून लगेच खाली उतरले. दुसऱ्या आठवड्यात चहा करणाऱ्या बाईंनी हाताला धरून बाकावर बसवले. त्यांना सगळे 'आयी' म्हणत. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी, आणि मराठी कानाला तो शब्द किती जवळचा वाटतो हे मी या गृहस्थांना मुद्दाम सांगितले. महिन्याभरात ते पाच-पाच लिटरचे दोन कॅन वाहू लागले. बोलणे फार नसे. कोणी चहाचा लहान पेला पुढे करी, कोणी माकडाने पिशवी पळवू नये म्हणून ती आत घ्यायला खुणावी, एखादा दिवस चुकला तर पुढच्या वेळी "परवा कुठे होतात?" असे विचारी. हा प्रश्न त्यांना काओशुंगमध्ये दोन वर्षांत कोणी विचारला नव्हता. तो सांगताना त्यांचा आवाज भरून आला आणि मलाही क्षणभर बोलता आले नाही.

पाणी वाहणाऱ्यांत त्यांच्याच वयाचा एक माणूस होता, बंदरात रात्रपाळी करणारा क्रेनचालक. त्याचाही दिवस उलटा. उतरल्यावर दोघे पायथ्याच्या न्याहारीच्या दुकानात सोया दूध आणि अंड्याची पोळी खाऊ लागले, मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधाराने, तुटक चिनीत आणि त्याहून तुटक इंग्रजीत. आठवड्याला पाच-सहा तास या हिशेबाने ५० तास दोन-अडीच महिन्यांत भरले. मोजणी आम्ही दोघांनी मिळून केली होती. शरदातल्या चंद्रोत्सवाला तैवानी लोक घरासमोर फुटपाथवर शेगडी मांडून मांस आणि भाज्या भाजतात. आदल्या दिवशी क्रेनचालकाचा संदेश आला: उद्या संध्याकाळी सहा वाजता, हा पत्ता, येताना कोळसे आण. त्यात गायथ्येन नव्हते. वेळ होती, पत्ता होता आणि काम सांगितलेले होते.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. मनातले अगदी आतले बोलायला त्यांना आजही भावाचा रविवारचा फोनच लागतो, आणि जोडीदार नसल्याचे दुःख पाण्याच्या कॅनने हलके झालेले नाही. त्यावर आम्ही पुढे वेगळे काम केले. परदेशी शिक्षकांची बैठकही मी सोडू दिली नाही. आपल्या भाषेत, न अडखळता, दोन तास हसता येणे ही चैन नाही, गरज आहे, आणि केवळ स्थानिकांत मिसळण्याच्या हट्टापायी ती तोडणारी माणसे मी खचताना पाहिली आहेत. ज्यांनी मला हा प्रश्न विचारला त्या सर्वांना, तुम्ही तैवानमधल्या तैनान शहरात असा, रॉटरडॅममध्ये असा किंवा दुबईत, माझे इतकेच विचारणे आहे: तुम्ही एखाद्या सकाळी आला नाहीत तर ज्यांच्या लक्षात येईल अशी एक तरी जागा तुमच्या आठवड्यात आहे का? नसेल तर खोट तुमच्या स्वभावात शोधण्याआधी वेळापत्रकात शोधा, आणि अशी जागा निवडा जिथे बोलण्यावाचूनही हाताला काही काम असेल.

आमच्या शेवटच्या भेटीत करार वाढवायचा की नाही यावर चर्चा चालू असताना खिडकीतून ती धून आली. ते "आलोच" म्हणून उठले, आणि मी त्यांची रिकामी खुर्ची पाहत अकरा मिनिटे बसले. परत आल्यावर त्यांनी उशिराबद्दल क्षमा मागितली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी तैवानी बोलीत "चिया पा ब्वे?", म्हणजे "जेवलात का?", असे विचारले होते. यांनी "अजून नाही" असे खरे उत्तर दिले, म्हणून आजी वर जाऊन डबा भरून आणेपर्यंत थांबावे लागले. डबा त्यांनी कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवला. त्यात भात, तळलेला मासा आणि रताळ्याच्या पाल्याची भाजी होती. जेवण निवू नये म्हणून कराराची चर्चा आम्ही पुढच्या शनिवारवर टाकली.