पॉवर स्टिअरिंगमध्ये एअर धरली, तर लगेच पंप बदलू नका

प्रश्न : माझ्या बोलेरोच्या पॉवर स्टिअरिंगचा होज (ऑइलचा रबरी पाइप) बदलून आठवडा झाला. तेव्हापासून स्टिअरिंग वळवताना घूंऽऽ असा आवाज येतो, मध्येच ते जड होते आणि टाकीतल्या ऑइलवर फेस दिसतो. मेस्त्री म्हणतात पंप गेला. खरेच बदलावा लागेल का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : पंपाला इतक्यात हात लावू नका. आवाज होज बदलल्यानंतरच सुरू झाला आणि ऑइल फेसाळले, म्हणजे आत एअर धरली आहे. ऑइल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून स्टिअरिंग वळवायला पंपाची मदत तुटक मिळते आणि पंप ओरडतो. मात्र तशीच गाडी दामटली, तर पंप खरोखरच खराब होईल.

आधी टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड पाहा आणि तोच एक लिटर आणून ठेवा. दोन जातींची ऑइल मिसळू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, त्याने रबरी सील फुगतात.

मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढची दोन्ही चाके जॅकने उचला आणि गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. टाकी ‘कोल्ड’च्या खुणेपर्यंत भरा. चावी स्टिअरिंगचे लॉक सुटेल इतकीच फिरवा. इंजिन बंदच हवे. बरेच जण इथेच घाई करतात. इंजिन चालू असले की पंप हवा आणि ऑइल घुसळून त्याचा बारीक फेस करतो आणि तो निघता निघत नाही.

आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, पंधरा-वीस वेळा. दुसऱ्या माणसाने टाकीवर नजर ठेवावी. बुडबुडे वर येऊन फुटतील, पातळी उतरेल. लगेच ऑइल ओतावे. टाकीच्या तळाचे पाइपचे तोंड उघडे पडले, तर पुन्हा हवा ओढली जाते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून आयडलवरच (ॲक्सिलरेटर न दाबता) आणखी तीन-चार वेळा फिरवा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. तिथे जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल झपाट्याने तापते. फेस दिसला, तर इंजिन बंद करून दोन-तीन तास गाडी उभी ठेवा, मग पुन्हा सुरुवात करा.

एअर पूर्ण निघाली का, हे पातळी सांगते. इंजिन चालू असताना ती पाहून ठेवा आणि मग इंजिन बंद करा. पातळी उठून दिसेल इतकी वर चढली, तर दाबलेली हवा अजून आत आहे.

चार दिवसांत फेस परतला, तर पुन्हा पुन्हा एअर काढत बसण्यात अर्थ नाही. टाकीकडून पंपाकडे जाणारा सक्शनचा पाइप तपासा : ढिला क्लॅम्प, तडा गेलेले तोंड, चपटी झालेली ओ-रिंग (जोडातली रबरी कडी). या बाजूला ऑइल बाहेर गळण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. खाली थेंबही दिसत नाही, म्हणून दोष नजरेतून सुटतो. पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून पाइप आणाल, तर तो ऑइलला टिकणाराच मागा. पाण्याचा पाइप ऑइलने फुगतो आणि सुटतो. क्लॅम्पही नवा घ्या. टाकीतली जाळी चोंदली असेल, तरी पंपाला ऑइल कमी पडून असाच आवाज येतो.

पातळी बरोबर, फेस नाही, पंप फिरवणारा पट्टा ताणलेला, जाळी साफ, आणि तरीही आवाज व जडपणा कायम असेल, तरच पंपाचा विचार करा.

प्रश्न : माझ्या नव्या वॅगन आरमध्ये स्टिअरिंग ऑइलची टाकीच सापडत नाही. – एक वाचक, वारजे

उत्तर : नसणारच. तिचे स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. मदत मोटर करते, त्यामुळे ऑइल नाही आणि एअर काढणेही नाही. स्टिअरिंग जड होऊन मीटरवर दिवा लागला, तर आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि टर्मिनल तपासा, मग गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) लावून घ्या.