वाचकांचे प्रश्न : ग्लासगो घेऊ की एडिंबरा?

प्रश्न : ताई नमस्कार, मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते. मिस्टरांच्या आयटी कंपनीची ऑफिसं स्कॉटलंडमध्ये ग्लासगो आणि एडिंबरा दोन्हीकडे आहेत, त्यांना सांगितलंय की हवं ते शहर घ्या, आठवड्यातनं दोनच दिवस ऑफिसला यायचंय, पण पंधरा दिवसांत कळवा. मुलगी चार वर्षांची आहे. मी इथे एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते, तिकडे गेल्यावर सुरवातीला घरीच असणार. फोटो बघितले की एडिंबराच आवडतं, सासूबाईंनाही तेच आवडलंय, पण मिस्टरांचा एक मित्र म्हणतो ग्लासगोच घ्या, आणि रोज रात्री जेवताना यावरनंच वाद. तुम्ही दोन्हीकडे राहिलाय म्हणून विचारते.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : अगं, आधी उत्तर सांगून टाकते मग कारणं. तुम्हा तिघांसाठी ग्लासगो. आणि हे एडिंबरावर जीव असलेली बाई सांगतीय बरं का, कारण २०१४ ला, तिथली ट्राम सुरू झाली त्याच वर्षी मी गेले ती एडिंबरालाच, तीन वर्षं तिथे काढली, मग पाच वर्षं ग्लासगो, आणि २०२२ ला परत साताऱ्यात.

फोटोत दिसतं ते सगळं खरंय. प्रिन्सेस स्ट्रीटवर उभं राहिलं की समोर खडकावर किल्ला, आपल्याला राजवाड्यावरनं अजिंक्यतारा दिसतो तसा, म्हणजे नुसतं दूध आणायला बाहेर पडलीस तरी किल्ला आहेच. तो खडक म्हणजे विझलेला ज्वालामुखी, आणि खाली जी बाग दिसते तिथे पूर्वी तळं होतं, ते आटवून बाग केली. जुनं शहर आणि त्याला लागून १७६७ च्या आराखड्यावरनं वसवलेलं नवं शहर, दोन्ही मिळून १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. शहराच्या मधोमध एक डोंगर आहे, २५१ मीटरचा, त्याचं नाव आर्थर्स सीट. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा महाबळेश्वर आठवून डोळ्यात पाणी आलं होतं, आपल्या पॉइंटचा आर्थर म्हणजे आर्थर मॅलेट, तो वेगळा, पण परक्या गावात ओळखीचं नाव ऐकलं की कसं होतं ते तुला गेल्यावर कळेल. तसा साताऱ्याचा आणि स्कॉटलंडचा संबंध जुनाच, १८१८ नंतर इथे पोलिटिकल एजंट म्हणून राहिलेला आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटिश, महाबळेश्वरची माल्कम पेठ ज्याच्या नावाची तो जॉन माल्कमही स्कॉटिशच.

मग ग्लासगो का म्हणते? घरामुळे. तू दिवसभर घरात असणार आहेस, चार वर्षांची पोर घेऊन, आणि बाहेर पाऊस. एडिंबराचं घरभाडं अख्ख्या स्कॉटलंडमध्ये सगळ्यात चढं, एकतर राजधानी, त्यात विद्यार्थी, बँकांची माणसं आणि टुरिस्ट सगळे त्याच घरांच्या मागे. आम्ही एडिंबराला एका बेडरूमला जे भरत होतो जवळजवळ तेवढ्यातच ग्लासगोला दोन बेडरूम आणि एवढी मोठी खिडकी मिळाली की हिवाळ्यात जे काय दोन तास ऊन यायचं ते पूर्ण घरात यायचं. अर्थात घर मिळणं आता दोन्हीकडे अवघड झालंय, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही शहरांच्या कौन्सिलनी, म्हणजे तिथल्या महापालिकांनी, घरांची आणीबाणी जाहीर केली होती, तेव्हा पहिला महिना तात्पुरत्या जागेत जाणार हे धरूनच चाला.

पावसाचं मात्र लपवणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे लगेच कळेल, ढग पश्चिमेकडनं येतात, महाबळेश्वर कोयनेवर रिकामे होतात आणि माण खटावला पोचेपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही. तिथेही तसंच, वारं अटलांटिककडनं येतं, ग्लासगो पश्चिमेला म्हणून तिथे वर्षाला ११०० मिलीमीटरच्या वर आणि एडिंबरा पूर्वेला म्हणून ७०० च्या आसपास, आणि दोन्ही शहरांमध्ये अंतर फक्त ७५ किलोमीटर. तू म्हणशील एवढंच ना, महाबळेश्वरला पाच हजाराच्या वर पडतो. पण आपला पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो गं, ग्लासगोचा बारा महिने चालू, वर्षातले साधारण १७० दिवस तरी पाऊस, आणि तो बदाबदा पडत नाही, नुसती झिमझिम, कपडे वाळत नाहीत, मन आंबतं. एडिंबराला पाऊस कमी पण वारं असं की छत्री उलटी होऊन तुटतेच, मी पहिल्या वर्षात तीन छत्र्या टाकल्या आणि मग टोपीचं जॅकेट घेतलं. अंधार दोन्हीकडे सारखाच, डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारला दिवस मावळतो. त्या दिवसांत घरात बसून राहायचं नाही, ढग असले तरी दुपारी बाराला पोरीला घेऊन बाहेर पडायचंच, हे मी तुला हात जोडून सांगते, कारण पहिल्या हिवाळ्यात मी ते केलं नाही आणि फेब्रुवारीपर्यंत कुणाशी बोलावंसं वाटेना.

आणि इथेच माणसांचा मुद्दा येतो. ग्लासगो हे कामगारांचं शहर, क्लाइड नदीच्या काठी जहाजं बांधणारं, एकेकाळी दहा लाखांच्या वर वस्ती होती, मग यार्ड एकेक करून बंद पडले, आता सहा लाखांच्या थोडी पुढे, तरी अजून स्कॉटलंडमधलं सगळ्यात मोठं शहर तेच. तिथला माणूस बस स्टॉपवर तुझ्याशी आपणहून बोलणार. पहिले दोन महिने तुला एक शब्द कळणार नाही, इंग्रजीच बोलतायत हेच पटत नाही, पण बोलायचं थांबू नकोस. आमची बिल्डिंग म्हणजे जुनी दगडी टेनेमेंट, एका जिन्यावर आठ घरं, त्या सामायिक जिन्याला ग्लासगोत क्लोज म्हणतात (एडिंबराला त्यालाच स्टेअर म्हणतात आणि क्लोज म्हणजे बोळ, माझा यात सुरवातीला फार गोंधळ झाला). जिना झाडायची पाळी आली की दाराच्या कडीला एक कार्ड अडकवलेलं असायचं, या आठवड्यात तुमचा नंबर. चाळीत वाढलेल्या मला ते कार्ड बघून इतकं बरं वाटलं होतं. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला सगळ्यांच्या मिळून दोऱ्या, आणि पाऊस आला की खालच्या मजल्यावरची म्हातारी माझे कपडे काढून घडी घालून दाराशी ठेवून जायची, पाच वर्षं, एकदाही सांगावं लागलं नाही. एडिंबराचे लोक वाईट आहेत असं नाही हं, तिथेही मला दोन मैत्रिणी मिळाल्या त्या आजही फोन करतात, पण मिळायला दीड वर्ष लागलं, आणि तुझ्याकडे घरी एकटीनं काढायला दीड वर्ष नाही.

पोरीसाठी दोन्हीकडे सारख्या सोयी. तीन-चार वर्षांच्या मुलांना नर्सरीचे वर्षाला ११४० तास फुकट असतात, पाच वर्षं पूर्ण झाली की बस फुकट, औषधाच्या चिठ्ठीला पैसे नाहीत. शाळा मात्र घराच्या पत्त्यावरनं मिळते, म्हणून घर बघायच्या आधी त्या गल्लीला कुठली शाळा लागते ते कौन्सिलच्या वेबसाइटवर बघून घ्या, हे आमच्या बरोबरच्या एका कुटुंबानं केलं नाही आणि त्यांना वर्षात घर बदलावं लागलं. पावसाच्या दिवशी पोरीला घेऊन केल्विनग्रोव्ह म्युझियमला जा, १९०१ चं आहे, तिकीट नाही, आत पेंढा भरलेला खराखुरा हत्ती आणि त्याच्या वर छताला टांगलेलं लढाऊ विमान, लेकरं तासन् तास बघतात. जायला भुयारी रेल्वे आहे, १८९६ ची, पंधराच स्टेशनं आणि एकच गोल फेरी, चुकीच्या गाडीत बसलीस तरी फिरून तिथेच येणार.

स्वैपाकाचं म्हणशील तर ग्लासगोला पोलोकशील्ड्स आणि गोवनहिल भागात पंजाबी-पाकिस्तानी दुकानांची रांगच आहे, ज्वारीचं पीठ, मेथीची जुडी, चिंच सगळं मिळायचं, एडिंबराला लीथ वॉकवर मिळतं पण दुकानं कमी. तुझ्या अकाउंट्सच्या कामाला फायनान्सचं मोठं गाव एडिंबरा, हे खरंय, पण मोठ्या बँकांची ऑफिसं ग्लासगोतही आहेत आणि तोपर्यंत तुला जावं-यावं लागलं तर ट्रेन आहे.

एडिंबरा कधी घ्यायचं तेही सांगते. मिस्टरांना पुढे पाच दिवस तिथल्याच ऑफिसला बोलावणार असतील तर, किंवा तुझा स्वभाव असा असेल की सतत पावसानं तू खरंच आजारी पडतेस, तर वाद न घालता एडिंबरा. सासूबाईंना सांग, किल्ला बघायला पन्नास मिनिटांत जाता येतं, हव्या तेवढ्या रविवारी.

शेवटचं आणि महत्त्वाचं. घरमालकाचा रजिस्ट्रेशन नंबर जाहिरातीत असायलाच लागतो, नसेल तर पुढे जाऊ नका, आणि घर बघितल्याशिवाय इथनं पैसे पाठवू नका. डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं, आणि ते मालकानं स्वतःकडे न ठेवता ३० कामकाजाच्या दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये भरायचं असतं. आमच्याकडनं एका एजंटनं कागदपत्रांची फी म्हणून वेगळे पैसे घेतले होते, नंतर कळलं की भाडं आणि डिपॉझिट सोडून काहीही घेणं तिथे बेकायदेशीर आहे. सोडायचं असलं तर २८ दिवसांची नोटीस पुरते, म्हणजे घर नाही पटलं तर अडकून पडत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीत एमएस्सीला अॅडमिशन मिळालीय. त्याचा मित्र एडिंबराला नोकरीला आहे, तो म्हणतो माझ्याकडेच राहा, भाडं देऊ नको, ट्रेननं ये-जा कर. हे जमेल का? पैशाची ओढाताण आहे.
– एक पालक, कोरेगाव

उत्तर : भाऊ, जमण्यासारखं आहे पण मी करू देणार नाही. अंतर म्हणजे सातारा-कराडच्या दीडपट धरा. ग्लासगो क्वीन स्ट्रीट ते एडिंबरा वेव्हर्ली ट्रेनला पन्नासेक मिनिटं, दिवसा दर पंधरा मिनिटांनी गाडी. पूर्वी सकाळच्या गर्दीच्या वेळचं रिटर्न तिकीट ३२ पौंडाच्या वर होतं, २०२५ च्या सप्टेंबरपासून गर्दीच्या वेळचा जास्तीचा दर काढून टाकला, आता १७ पौंडाच्या आत येतं. तरी आठवड्यातनं चार दिवस म्हटले तर महिन्याला पावणेतीनशे पौंड झाले, त्यात घरापासून स्टेशनपर्यंतची बस वेगळी. बसचा पास २२ च्या आतल्यांना फुकट आहे, तुमचा मुलगा एमएस्सीला म्हणजे बहुतेक त्यात बसणार नाही.

पण पैशापेक्षा मला दुसरी काळजी वाटते. एमएस्सी एका वर्षाची, ते वर्ष डोळ्यासमोरनं निघून जातं, लायब्ररी, ग्रुपचं काम, संध्याकाळची पार्टटाइम नोकरी (टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा) हे सगळं कॉलेजच्या जवळ राहणाऱ्यालाच झेपतं. मित्राकडे पहिले तीन-चार आठवडे जरूर राहू दे, तेवढ्यात ग्लासगोला शेअरिंगची खोली शोधू दे, डेनिस्टाउनला किंवा नदीच्या दक्षिणेला बघावं, युनिव्हर्सिटीला लागून असलेला वेस्ट एंड महाग पडतो. तीन किंवा जास्त मुलं एकत्र राहणार असतील तर त्या घराला एचएमओ लायसन्स, म्हणजे वेगवेगळ्या घरच्या माणसांना एकत्र भाड्यानं ठेवायचा परवाना, आहे का ते विचारायचं. मालक तिथलाच जामीनदार मागतात, तो नसेल तर काही महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात, तेवढी सोय आधी करून ठेवा. पूर्णवेळ विद्यार्थ्याला कौन्सिल टॅक्स माफ असतो, त्याचं सर्टिफिकेट युनिव्हर्सिटीकडनं आठवणीनं घ्यायला सांगा.

आणि एक, मॅचच्या दिवशी सेल्टिकचा हिरवा किंवा रेंजर्सचा निळा टीशर्ट घालून फिरू नको म्हणावं. तिथे ते नुसतं फुटबॉल नाही, त्यामागं कॅथलिक-प्रोटेस्टंट असं जुनं भांडण आहे.

प्रश्न : लेकीकडे एडिंबराला ऑगस्टमध्ये महिनाभर जातेय. काय न्यावं, थंडी असते का?
– एक काकू, वाई

उत्तर : काकू, ऑगस्ट म्हणजे तिथला उन्हाळाच, पण दुपारी वीस अंशाच्या आसपास आणि संध्याकाळी शाल लागतेच. कधी कधी समुद्रावरनं धुकं येतं, त्याला तिथे हार म्हणतात, पाचगणीत जुलैत असतं तसंच, समोरचं काही दिसत नाही. १९४७ पासून ऑगस्टमध्ये तिथे नाटका-गाण्यांचा मोठा उत्सव भरतो, जुन्या भागात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून फिरायला सकाळी लवकर निघा. बूट न घसरणारे घ्या, रस्ते दगडी आणि चढाचे आहेत.

न्यायचं म्हणाल तर शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, भाजणी खुशाल न्या. कंदी पेढे आणि तूप मात्र नेऊ नका, भारतातनं दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे, एअरपोर्टवर काढून टाकतात, ताजा कढीपत्ताही नको. माझ्या आईनं पहिल्या खेपेला पावशेर पेढे आणले होते ते तिच्या डोळ्यांसमोर डब्यात गेले आणि ती दोन दिवस जेवली नाही. तूप लेकीकडेच कढवा, तिथलं बिनमिठाचं लोणी चांगलं असतं, आणि पहिल्याच आठवड्यात कढवून बाटली भरून ठेवा, तुम्ही परत आल्यावरही तिला बरेच दिवस पुरेल.