नाचता येतं, शिकवायचं कसं?

प्रश्न : परदेशी कंपनीत बरीच वर्षं समूहात नाचले. आता वय ३४, डावा घोटा सतत कुरकुरतो. मुंबईत परतून बॅले शिकवायचं ठरवलं आहे. सुरुवात कुठून करू?
– एक नर्तिका, गोरेगाव

उत्तर : वेळेवर ठरवलंत. पॅरिस ऑपेरातही नर्तकांना ४२व्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं, आणि सांधे दुखायला लागले की अनेकजण त्याआधीच थांबतात. पण मंच सोडलात म्हणून रोजचा सराव एकदम बंद करू नका. इतकी वर्षं घोटा सांभाळला तो पोटरीच्या आणि तळपायाच्या स्नायूंनी. ते ढिले पडले की जुनं दुखणं डोकं वर काढतं. फिजिओथेरपिस्टला विचारून आठवड्यातून तीन दिवस तरी बारवरचा, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्याला धरून करायचा, सराव चालू ठेवा.

शिकवताना शरीराची हानी बहुतेकदा एकाच कारणाने होते : गार अंगाने, वर्गामागून वर्ग, उजवाच पाय उंच उचलून दाखवणं. पहिल्या वर्गाआधी १५-२० मिनिटं अंग तापवा, दाखवताना बाजू बदलत राहा आणि उड्या न मारता फक्त हातांच्या खुणेने दाखवा.

याहून अवघड काम म्हणजे स्वतःच्या अंगात मुरलेली गोष्ट सुटी करून सांगणं. कंपनीतला दीड तासाचा क्लास मुलांना देऊ नका. आठ वर्षांच्या मुलीला बारकडे तोंड, दोन्ही हात बारवर, चार काउंट खाली आणि चार काउंट वर, एवढा देमी-प्लिए (गुडघे अर्धे वाकवणं) पुरतो. तो मात्र नीट बघा, आणि बघताना खाली बसून पायापासून वर बघा. अंगठ्याच्या बाजूने पाऊल आत कलतंय, तळव्याची कमान जमिनीला टेकतेय आणि गुडघा आत झुकतोय, हे तिन्ही एकदमच दिसेल. ‘गुडघे मागे घे’ असं कितीही ओरडलात तरी फरक पडणार नाही, कारण चूक गुडघ्यात नाहीच. खुब्यातून जेवढा टर्नआउट (पाय बाहेरच्या बाजूला वळणं) मिळतो, त्याहून जास्त पावलं उघडली आहेत आणि मधला पीळ गुडघा सोसतोय. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत येईल इतकी पावलं बंद करा. कोन छोटा दिसला तरी चालेल. पालक बाहेरून बघत असतात म्हणून पावलं उघडून घेण्याचा मोह होतो, तो टाळाच. आणि दुरुस्ती संगीत सुरू होण्याआधी सांगा, एका वेळी एकच.

स्वतःचा वर्ग काढण्याआधी किमान सहा महिने एखाद्या अनुभवी शिक्षिकेच्या हाताखाली लहान मुलांचे वर्ग घ्या.

प्रश्न : शिकवण्यासाठी प्रमाणपत्र लागतंच का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आपल्याकडे कायद्याने लागत नाही. पण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षांना मुलं बसवायची असतील, तर शिक्षकाची त्यांच्याकडे नोंदणी हवी. व्यावसायिक नर्तकांसाठी त्यांचा वेगळा अध्यापन डिप्लोमाही आहे. आमच्या मते तो करावा. मंचावरच्या अनुभवातून मुलांची वाढ, वयानुसार पाठ आखणं या गोष्टी आपोआप कळत नाहीत. शिवाय पद्धत एकच धरा. डोक्यावर गोल धरलेल्या हातांना रॉयल अकॅडमीत पाचवी पोझिशन म्हणतात, तर रशियन वागानोवा पद्धतीत तिसरी. दोन्हींची मिसळ केलीत तर वर्ग बदलणारं मूल गोंधळतं. खुद्द आग्रिपिना वागानोवा १९१६मध्ये मंचावरून निवृत्त झाल्या, मग शिकवू लागल्या आणि त्यांची पद्धत १९३४मध्ये पुस्तकरूपात आली. ते मंचावरच्या यशाचं उपफळ नव्हतं, वेगळी मेहनत होती.

प्रश्न : दादरला सोसायटीचा हॉल भाड्याने मिळतोय, खाली टाइल्स आहेत. व्हायनिल अंथरून भागेल का?
– एक शिक्षक

उत्तर : नाही. व्हायनिलने घसरणं थांबतं, धक्का थांबत नाही. काँक्रीटवरच्या टाइल्स जराही दबत नाहीत, त्यामुळे प्रत्येक उडीचा भार नडगीवर जातो. आधी नडगी दुखते, दुर्लक्ष केलं तर हाडाला बारीक चीर जाते. हॉल कायमचा असेल तर खाली दाट फोमचे किंवा रबराचे तुकडे, त्यावर १२ मिमी प्लायवुडचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत असे, आणि सगळ्यात वर डान्स व्हायनिल. प्लाय बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणाऱ्या) दर्जाचाच घ्या आणि भिंतीलगत १० मिमी फट सोडा, नाहीतर पावसाळ्यात फुगून मधोमध उचलतो. व्हायनिल उलगडून एक दिवस तसंच राहू द्या, मग टेप लावा. त्यावर राळ टाकू नका. रोजच्या रोज अंथरून गुंडाळायचं असेल, तर त्या हॉलमध्ये उड्या शिकवू नका.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची आहे. तिच्या बॅलेच्या बाई पॉइंट शूज (बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे बूट) द्यायला तयार नाहीत, दुसऱ्या क्लासमध्ये मात्र लगेच देतात. क्लास बदलू का?
– एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, आहे तिथेच राहा. पावलाची हाडं या वयात अजून वाढत असतात. साधारण ११-१२ वर्षं वय, त्याआधी तीन-चार वर्षांचं नियमित शिक्षण आणि आठवड्याला किमान दोन वर्ग, हे झाल्यावर विचार करायचा. तेव्हाही नुसतं वय बघायचं नाही. एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, घोटा न डगमगता वीसेक रेलेव्हे (टाच उचलून चवड्यावर चढणं) जमायला हवेत. पाऊल ताणलं की नडगीच्या रेषेत यायला हवं. ते येत नसेल तर बॉक्सच्या, म्हणजे शूजच्या पुढच्या कडक भागाच्या, टोकावर नीट उभं राहता येत नाही, वजन मागे पडतं आणि घोट्याच्या मागे दुखू लागतं.

पुढे शूज घ्याल तेव्हा वाढत्या अंगाचे म्हणून मोठे घेऊ नका. पाऊल आत घसरतं आणि सगळा भार बोटांवर येतो. बॉक्स कापड, कागद आणि गोंदाच्या थरांचा असतो, मुंबईच्या दमट हवेत तो लवकर मऊ पडतो. वर्ग संपला की आतलं पॅडिंग काढून शूज पंख्याखाली वाळवा आणि प्लास्टिकऐवजी जाळीच्या पिशवीत ठेवा. बॉक्स दाबल्यावर चेपला जात असेल, तर शूज वरून कितीही नवे दिसले तरी त्यावर उभं राहू देऊ नका.