नोकरीचा निर्णय नंतर, आधी डॉक्टर

"एवढं रिलीज होऊ दे, मग बघू," असं म्हणता म्हणता परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत महिने निघून जातात. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचं एक रिलीज संपतं, दुसरं उभं राहतं आणि घरातलं ते काम करणारं माणूस दिवसेंदिवस अबोल होत जातं. रविवारी दुपारपासूनच धडधड, पहाटे तीनला जाग, मुलांवर विनाकारण चिडचिड. कामाचा ताण आहे म्हणून घरचे सांभाळून घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की हे दोन आठवड्यांपलीकडे टिकलं, तर नुसतं सांभाळून घेऊ नका. डॉक्टरांची वेळ घ्या.

नैराश्याचं निदान करताना डॉक्टरही दोन आठवड्यांचाच काळ धरतात. त्या काळात जवळजवळ रोज मन उदास असतं किंवा कशातच गोडी वाटत नाही, आणि झोप, भूक, एकाग्रता बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची, नोंद आजार म्हणून न करता कामाच्या ठिकाणाशी जोडलेली स्थिती म्हणून केली. नैराश्य मात्र ऑफिसच्या दारात थांबत नाही. सहलीला गेलात, आवडती माणसं भेटली, तरी आत काहीच हलत नसेल, तर केवळ सुट्टी घेऊन भागणार नाही.

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करा. ते बहुधा पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतील. तिच्यात 27 पैकी 10 किंवा त्याहून जास्त गुण आले, तर नीट तपासणी हवी असं मानतात. थायरॉइड आणि बी-12 तपासायलाही सांगा. थायरॉइड मंदावला तर असाच थकवा आणि उदासी येते, आणि शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं नेहमीचंच आहे.

हे सगळं माहीत असूनही लोक जात नाहीत, कारण व्हिसा. ही भीती खोटी नाही. अमेरिकेत एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, आणि जोडीदाराचा व्हिसाही त्याच नोकरीला बांधलेला असतो. पण नैराश्यावर उपचार घेतले म्हणून एच-1बी जात नाही. उलट उपचार टाळले की काम घसरतं, आणि नोकरी धोक्यात येते ती त्यामुळे. एका कंपनीत वर्षभर काम झालं असेल आणि कंपनी पुरेशी मोठी असेल, तर एफएमएलए या रजेच्या कायद्याखाली गंभीर आजारासाठी 12 आठवड्यांची बिनपगारी पण नोकरी राखणारी रजा मिळू शकते. व्हिसावरच्या कर्मचाऱ्यालाही ती लागू आहे. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीसाठी, म्हणजे बोलून होणाऱ्या उपचारासाठी, स्वतःच नाव नोंदवता येतं, जीपीची म्हणजे फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. जर्मनीत आजारपणाचे पहिले सहा आठवडे साधारणपणे पूर्ण पगार चालू राहतो, आणि कंपनीला कळवताना आजाराचं नाव सांगावं लागत नाही.

मॅनेजरशी बोलताना मन उघडं करायची गरज नाही, पण मागणी नेमकी हवी. "खूप ताण आहे" म्हटलं की सहानुभूती मिळते, काम तेवढंच राहतं. "भारतातल्या टीमबरोबरचे रात्रीचे कॉल पुढचे दोन महिने आठवड्यातून दोनच ठेवूया" असं म्हटलं की त्यावर हो किंवा नाही असं उत्तर द्यावं लागतं. आणि राजीनामा, भारतात परतणं, घर विकणं असे निर्णय बरं वाटेपर्यंत शक्यतो लांबवा, कारण नैराश्यात सगळ्याच वाटा बंद दिसतात. कामाच्या जागी छळच होत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथून बाहेर पडणं हाच उपचाराचा भाग आहे.

औषध सुरू झालं तर पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका. परिणाम दिसायला बहुतेक वेळा दोन ते सहा आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर ते काही महिने चालू ठेवायला सांगतात. मनानं अचानक बंद करू नका. समुपदेशक मराठी बोलणारा मिळाला तर फार बरं, कारण लहानपणाच्या गोष्टी इंग्रजीत सांगताना अर्ध्या राहून जातात.

घरी एक गोष्ट रोज करा. उठायची वेळ ठरलेली ठेवा आणि सकाळच्या उजेडात दहा मिनिटं चाला, विशेषतः लवकर अंधारणाऱ्या उत्तरेकडच्या हिवाळ्यात. मन लागलं की चालेन म्हणत बसलात तर तो दिवस येत नाही. आधी पाय बाहेर पडतात, मन मागाहून येतं. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नका, तिने पहाटेची झोप आणखी मोडते.

जोडीदाराला माझी विनंती आहे. "आपल्याला काय कमी आहे?" हे विचारू नका, त्याने समोरच्याला फक्त अपराधी वाटतं. त्याऐवजी डॉक्टरांना तुम्हीच फोन लावा आणि सोबत जा. शंका आली तर सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळं होतं. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका. अमेरिका आणि कॅनडात 988, ब्रिटनमध्ये 116 123, ऑस्ट्रेलियात 13 11 14 या क्रमांकांवर दिवसरात्र कोणीतरी असतं. जिवाला तातडीचा धोका वाटला तर थेट आपत्कालीन सेवेला फोन करा.

राहिले आई-बाबा. फोनवर रोज हसून "सगळं मजेत" म्हणण्याची कसरत आजारी माणसाला थकवते. सगळा तपशील द्यायला नको, पण "तब्येत बरी नाही, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, काही दिवस फोन कमी होतील" एवढं त्यांना सांगा. ते काळजी करतील, सारखे प्रश्न विचारतील. ती उत्तरं द्यायचं काम भावाकडे किंवा बहिणीकडे सोपवा.