दाराच्या साध्या बिजागऱ्या काढून आपोआप बंद होणाऱ्या स्प्रिंगच्या बिजागऱ्या घरच्या घरी बसवता येतील का?

येतील. दोन-तीन मोकळ्या दुपारी आणि दार धरायला एक माणूस मिळाला की सुताराला बोलवावं लागत नाही. पण तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याने मला काळजी वाटली. बाल्कनीकडचं लाकडी जाळीचं दार मुलं उघडंच टाकतात, डास आत येतात, म्हणून ते आपोआप बंद व्हायला हवंय, इथपर्यंत ठीक. पुढे तुम्ही लिहिलंय की दार कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घासतं, 'पण ते स्प्रिंग ओढून घेईल'. स्प्रिंगकडून ही अपेक्षा ठेवू नका. घासणारं दार ओढून घेण्याइतका ताण दिलात, तर ते कोरड्या हवेत, मोकळं झाल्यावर, धाडकन आपटेल.

म्हणून आधी ते घासणं घालवा. दाराचं वजन वरच्या बिजागरीला चौकटीपासून बाहेर ओढतं आणि खालचीला आत दाबतं. त्यामुळे नेहमी वरचीचे स्क्रू आधी ढिले होतात, दार कलतं आणि तुम्ही म्हणता तोच कोपरा चौकटीला भिडतो. वरचे स्क्रू पिळून बघा. नुसतेच फिरत राहिले तर भोकं खाल्ली गेली आहेत. त्यांत भुसा आणि फेव्हिकॉल भरणारे पुष्कळ आहेत, पण त्यात स्क्रूचे आटे धरत नाहीत. सागाची बारीक खुंटी तासून, फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेली कापा आणि तिच्यात नवं बारीक भोक पाडून मगच स्क्रू घाला. साध्या बिजागऱ्यांवरच दार एका बोटाच्या हलक्या ढकलण्याने चौकटीत जाऊन बसू लागलं, की ते स्प्रिंगसाठी तयार झालं असं समजा.

दुकानात जाताना जुनी एक बिजागरी काढून बरोबर न्या. घरातल्या दारांना बहुतेक चार इंची असते, जाळीच्या दाराला तीन इंचीही सापडते. पण नुसती उंची जुळून भागत नाही, पानाची, म्हणजे स्क्रू बसतात त्या सपाट पत्र्याची, रुंदी आणि जाडीही जुळावी लागते, नाहीतर लाकडातली खाच नव्याने कोरावी लागते. एकाच बाजूला उघडणारी मागा. दवाखान्यात, हॉटेलात दोन्हीकडे झुलणारी दारं असतात, त्यांची बिजागरी दोन नळ्यांची असते; ती तुमच्या कामाची नाही.

किती बसवायच्या, हे तुम्ही विचारलंय. तीन बिजागऱ्यांच्या दाराला वर आणि खाली स्प्रिंगच्या, मधली साधी. तिन्ही स्प्रिंगच्या लागतात त्या जड दाराला. सात फुटी फ्लश डोअर तीसेक किलो सहज भरतं, त्यापुढे जाळीचं दार हलकंच. इथे एक गोष्ट सहज निसटते. स्प्रिंगच्या बिजागरीची नळी जाड असते, म्हणून तिची मधली दांडी लाकडापासून थोडी जास्त पुढे येते. मधली जुनी तशीच ठेवलीत तर तिन्ही दांड्या एका रेषेत राहत नाहीत, दार अडखळतं, आणि आपण समजतो स्प्रिंग कमी पडतेय. मधली साधी बिजागरीसुद्धा त्याच कंपनीची, त्याच जाडीची घ्या.

बसवताना दार काढून ठेवू नका. ते बंद करून खाली दोन पाचरी सारा, वजन पाचरींवर आलं की एका वेळी एकच बिजागरी बदला. सुरुवात खालच्या बिजागरीने करा, तिथे हात बसतो. वरची करताना मात्र कोणाला तरी दार धरायला सांगा. जुनी भोकं नव्याला जवळपास जुळतात, पण पूर्ण जुळत नाहीत, आणि हे 'जवळपास'च घात करतं: स्क्रू जुन्या भोकाकडे घसरतो आणि पान तिरकं बसतं. ती भोकं वर सांगितल्याप्रमाणे खुंटीने बुजवून घ्या. चौकट साल किंवा सागाची असेल तर स्क्रूला साबण चोळा, तो निम्म्या जोरात आत जातो. पितळी स्क्रू घातलेत तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडून घ्या, तो काढा, मग पितळी घाला. कडक लाकडात पितळी स्क्रूचं डोकं तुटतं आणि उरलेला तुकडा काढण्यात संध्याकाळ जाते.

आता ताण. बिजागरीबरोबर एक छोटी सळई आणि बारीक पिना येतात. नळीच्या टोकाला भोकांची गोल चकती असते. दार बंद ठेवून सळई भोकात घालायची, चकती फिरवायची, समोर आलेल्या भोकात पिन बसवायची आणि मग सळई हळूच सैल सोडायची. काही बिजागऱ्यांना याऐवजी षटकोनी किल्ली असते. पिन पुरती बसल्याशिवाय सळई सोडू नका आणि तोंड तिच्या रेषेत आणू नका, ती उसळून बोटांवर बसते. दोन्ही बिजागऱ्यांना सारखाच ताण द्या, एका वेळी एकच भोक. प्रत्येक वेळी दार वीतभर उघडून सोडा, मग काटकोनात उघडून सोडा. दोन्हीकडून ते बंद होतंय, असा पहिला टप्पा आला की थांबा, त्यापुढे एक भोकही नको.

हे मी इतकं ठासून सांगतोय, कारण मी थांबलो नव्हतो. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी मागच्या दाराला मी अशाच बिजागऱ्या लावल्या, आणि दार खणखणीत बंद व्हावं म्हणून तीन भोकं जास्त ताण दिला. दुसऱ्या दिवशी आई पाण्याची कळशी घेऊन आत येत होती. दार तिच्या कोपरावर आलं, कळशी पडली, आणि तिचा हात आठवडाभर सुजलेला होता. ते दार ती त्या आधी पायाने ढकलून सहज आत येत असे. तुमच्या घरी सासूबाई आहेत आणि लहान मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे ताण ठरवताना दार त्यांच्याकडून उघडवून पाहा, स्वतःच्या हाताने नव्हे. मुलांची बोटं कडीच्या बाजूपेक्षा बिजागरीच्या बाजूच्या फटीत जास्त वाईट चिरडतात. त्या फटीवर लावायची लवचिक प्लॅस्टिकची पट्टी मिळते, ती त्याच दिवशी लावा. चौकटीला जिथे दार टेकतं तिथे रबराचे दोन ठिपके चिकटवा, आवाज आणि मार दोन्ही कमी होतात.

कडीचंही पाहा. आडवी कडी आपोआप लागत नाही, म्हणून वाऱ्याने दार पुन्हा किलकिलं होतं. जाळीच्या दाराला वर एक चुंबकाचा कॅच पुरतो. स्प्रिंग दार तिथवर आणते आणि शेवटचं अर्ध्या इंचाचं काम चुंबक करतो. डेंगीचा डास मुख्यतः दिवसा चावतो, म्हणून ही शेवटची फट मिटणं तुमच्या घरी महत्त्वाचं आहे.

जुलैत लाकूड फुगतं, दार अडतं, आणि तेव्हा लोक ताण वाढवतात. दिवाळीनंतर तेच दार आपटायला लागतं. त्यापेक्षा अडणारी कड रंध्याने जराशी साफ करा आणि दाराच्या वरच्या, खालच्या कडांना रंगाचे दोन हात द्या. या दोन कडा दिसत नाहीत म्हणून रंगारी सोडून देतात, आणि पाणी नेमकं तिथूनच आत जातं.

या यशानंतर घरातली बाकीची दारंही करावीशी वाटतील, म्हणून थोडक्यात सांगतो. बाथरूमचं दार करू नका: आपल्याकडे तिथे चौकट बहुधा ग्रॅनाइटची असते, स्क्रू दगडातल्या प्लगमध्ये असतात, आणि स्प्रिंगच्या रोजच्या ओढीने ते सैल होतात. पोकळ पीव्हीसीचं दारही स्क्रू धरत नाही. लोखंडी चौकटीला बिजागऱ्या वेल्डिंग केलेल्या असतात, तिथे वरून लावायचा हायड्रॉलिक डोअर क्लोजरच बरा. स्प्रिंगच्या साध्या बिजागरीला वेग आवरायची सोय नसते; क्लोजरमध्ये तेल असतं आणि दोन स्क्रू असतात, एकाने दाराचा वेग ठरतो आणि दुसऱ्याने शेवटचा धक्का. मुख्य दाराला लॅच असेल तर तिथे दोन्हीही लावू नका, किंवा किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून मगच लावा. गॅसवर दूध ठेवून तुम्ही कचरा द्यायला बाहेर आलात आणि दार मागे बंद झालं तर फार कठीण होतं. इमारतीच्या जिन्यातली अग्निरोधक दारं ही वेगळी बाब आहे. ती आपोआप बंद होणं हेच त्यांचं काम असतं, त्यांच्या बिजागऱ्यांना हात लावू नये आणि त्यांना वीट टेकवून उघडी ठेवणाऱ्यांना जरूर हटकावं.

समुद्राजवळ राहत असाल तर बिजागरी आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेस स्टीलचे घ्या, आमच्याकडे साध्या स्प्रिंगा दोन पावसाळ्यांत गंजून ताण सोडतात. तेल शिवणयंत्राचं घाला, दोन महिन्यांतून एक थेंब. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घातलंत तर ते थंडीत गोठतं, पुढे चिकट होऊन धूळ धरतं, आणि दार पुन्हा अर्ध्यावर थांबू लागतं.