मोहेअर रंगवताय? आधी वीतभर तुकडा

टेडी अस्वल शिवायला मोहेअरचं केसाळ कापड रंगवताय, तर पहिल्याच खेपेला अख्खं कापड पातेल्यात घालू नका. वीतभर तुकडा रंगवा आणि तो वाळेपर्यंत थांबा. ओला रंग नेहमी गडद दिसतो.

मोहेअर म्हणजे अंगोरा बकरीचे केस, म्हणून लोकरीला चालणारा ॲसिड डाय (आम्लाच्या मदतीने बसणारा रंग) आणि व्हिनेगर घ्या. केस ज्यावर बसवलेले असतात ते मागचं कापड बहुधा सुती असतं, ते हा रंग नीट धरत नाही. फिकट राहिलं तरी घाबरू नका, शिवल्यावर ते आतच जातं.

बिघडतं ते घाईने. कोरडं कापड थेट रंगात टाकलं की डाग पडतात, म्हणून आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. पाणी वाफाळलेलं पुरे, उकळी नको. फार ढवळू नका. गरम कापड गार नळाखाली तर अजिबात धरू नका, केसांचा गुंता होतो. पातेल्यातलं पाणी हळूहळू निवळतं, तेव्हा समजायचं, रंग केसांत गेला. मला तो क्षण अजूनही फार आवडतो. मग तसंच गार होऊ द्या.

- पातेलं स्वयंपाकाचं नको, रंगाची पूड कालवताना मास्क लावा.
- एका अस्वलाचं सगळं कापड एकदमच रंगवा.
- बेतणं नंतर, कापड आटतं.

आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात पंख्याखालीच वाळवा, नाहीतर कुबट वास बसतो. पहिला तुकडा झाला की रंग कसा आला ते नक्की कळवा!